ऑडिट फर्ममधली अकरा वर्षं सोडून फौंड्रीतली नोकरी घ्यावी का? (कोल्हापूर)

हिरवी शाई | १६ नोव्हेंबर २०२५, रात्री ११.२०

नमस्कार मंडळी. बरेच महिने इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच स्वतःचं विचारायला आले आहे. जरा लांब होईल, सांभाळून घ्या.

मी ३१ वर्षांची. शिवाजी विद्यापीठाची बी.कॉम., सीए इंटरचे दोन्ही ग्रुप, २०१४ ते २०१७ आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालची उमेदवारी). ती संपली आणि त्याच फर्ममध्ये पेड असिस्टंट म्हणून राहिले, ती आजतागायत. म्हणजे शाहूपुरीतला तोच जिना अकरा वर्षं चढते-उतरते आहे. फायनलचा दुसरा ग्रुप २०१९ ला सुटला, पहिला अजून राहिला आहे. प्रत्येक पेपरला किमान ४० आणि ग्रुपची बेरीज ५० टक्के, हा नियम ज्यांनी भोगलाय त्यांना वेगळं सांगायला नको. शेवटच्या दोन्ही वेळेला सगळ्या पेपरांत चाळिशी पार केली होती. बेरीज एकदा ९ गुणांनी आणि एकदा ४ गुणांनी अडली.

यंदा टॅक्स ऑडिटची ३० सप्टेंबरची मुदत आधी ३१ ऑक्टोबर झाली आणि मग १० नोव्हेंबर. बाहेरच्यांना मुदतवाढ म्हणजे दिलासा वाटतो. आमच्याकडे मुदत वाढली की कागद देणाऱ्या पार्ट्या म्हणतात, "अजून वेळ आहे की मॅडम," आणि जे काम सप्टेंबरात संपायचं ते दिवाळीवर येऊन बसतं. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी लक्ष्मीपुरीतल्या एका व्यापाऱ्याची खरेदी आणि जीएसटी पोर्टलवरचं २बी (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांचं पत्रक) जुळवत बसले होते. बाबांनी पूजा माझ्यासाठी थांबवून ठेवली होती. घरी पोचले तेव्हा समईतलं तेल दुसऱ्यांदा घातलं होतं. कोणी काही बोललं नाही, पण मला त्या रात्री झोप लागली नाही.

आता एक नोकरी समोर आहे. गोकुळ शिरगाव एमआयडीसीतली एक मध्यम फौंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना (आमची क्लायंट नाही), काम कॉस्टिंग आणि एमआयएसचं, म्हणजे मालाचा खर्च काढायचा आणि मालकांना आकडेवारीचे अहवाल द्यायचे. पगार आत्तापेक्षा जवळजवळ दीडपट, जायला-यायला कंपनीची बस. महिनाअखेर कळवायचं आहे.

मग अडलंय कुठे, तर इथे. आमच्याकडे पतसंस्थांची ऑडिटंही असतात आणि ती बऱ्याचदा माझ्याकडे येतात. तीन वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी पिग्मी खाती (एजंटकडे रोज थोडे थोडे पैसे भरायची) तपासत होते. खतावणीतल्या शिलका आणि एजंटची महिनावार भरणा यादी कागदावर चोख जुळत होती. तरी मन घेईना, म्हणून दहा-बारा नावं उतरवून घेतली आणि बाजारात गेले. एक भाजीवाली मावशी. तिने मांडीखालचं पोतं उचललं, त्याखाली प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं कार्ड होतं, कडा मऊ पडलेलं, रोजचे पन्नास-पन्नास रुपये बॉलपेनने लिहिलेले. तिथेच उकिडवी बसून बेरीज केली. कार्डावर १८,४००. खतावणीत १५,९००. मावशी म्हणाली, "बाई, सगळं लिवलंय न्हवं त्यात?" मी म्हटलं, "तुमच्या कार्डात आहे मावशी." पुढे त्याच एजंटची ६२ कार्डं मागवली, २३ मध्ये फरक निघाला. संस्थेने वसुली केली, मावशीच्या खात्यावर रक्कम चढली, हे मी पुढच्या वर्षी स्वतः बघितलं.

त्या दिवशी जे वाटलं ते अजून अंगावर आहे. पण असे दिवस वर्षात दहा-पंधरा. बाकीचे सगळे खुर्चीत, टॅक्स ऑडिटच्या ३सीडी फॉर्मची कलमं भरत, पोर्टल चालू होण्याची वाट बघत. तर मला ऑडिटचा कंटाळा आलाय की या ऑफिसचा, हेच मला उलगडत नाहीये. आणि दुसरं म्हणजे, आता सोडलं तर "सीए झाली नाही म्हणून सोडलं" हे आयुष्यभर चिकटेल. जे यातून गेलेत त्यांनी मोकळेपणाने सांगा.

पन्हाळ्याचं धुकं | १७ नोव्हेंबर, सकाळी ७.०५

ताई, मी आर्टिकलशिपच्या पहिल्या वर्षाला आहे. नव्या योजनेत दोनच वर्षं आहेत, त्यामुळे आम्हाला पतसंस्थेच्या ऑडिटला कोणी नेतच नाही, सगळं जीएसटी आणि टीडीएस. तुमचं पोस्ट वाचून पहिल्यांदा कळलं की ऑडिटला गेल्यावर असंही काही करता येतं. सल्ला द्यायची माझी पात्रता नाही. फक्त एवढंच, की तुमच्यासारखं शिकवणारं कोणी आमच्या ऑफिसात असतं तर बरं झालं असतं.

शिरोलीचा वजनकाटा | १७ नोव्हेंबर, दुपारी १.४०

नमस्कार ताई. मी सीए इंटर, एक ग्रुप. सहा वर्षं फर्ममध्ये काढून २०११ ला फौंड्रीत आलो, आज अकाउंट्स आणि कॉस्टिंग दोन्ही बघतो. म्हणून अगदी आतलं सांगतो.

पहिली गोष्ट, तारखा इथेही सुटत नाहीत. ७ ला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१, २० ला ३बी (दोन्ही जीएसटीची महिन्याची रिटर्नं), आणि ऑडिटर आले की आता उत्तरं तुम्ही द्यायची. पण तारखा एकाच कंपनीच्या असतात, साठ पार्ट्यांच्या नाही. ३० सप्टेंबर आमच्याकडे येतो आणि जातो.

दुसरी गोष्ट कामाची. फौंड्रीचं कॉस्टिंग म्हणजे एक्सेल भरणं असं वाटत असेल तर तसं नाही. पिग आयर्न आणि स्क्रॅप किती गेलं, टनभर धातू वितळवायला किती युनिट वीज लागली, वितळलेल्या धातूतून चांगलं कास्टिंग किती निघालं, रनर-रायझर (साच्याच्या वाटांत उरलेला धातू) किती परत भट्टीत गेलं, हे रोजचं. गिऱ्हाईक किलोवर दर देतं, त्यामुळे कास्टिंग ज्या वजनाचं ठरलंय त्याहून शंभर ग्रॅम जड निघालं तरी ते कुणाच्या तरी खिशातून जातं.

एक उदाहरण देतो. आमच्या एका पार्टचं रिजेक्शन कागदावर कायम ४ टक्क्यांच्या आत. मालक खूश. पण त्या पार्टवर पैसे उरत नव्हते. मी एका महिन्याच्या सगळ्या डेबिट नोटा काढून बसलो. गिऱ्हाइकाकडे मशीनिंग करताना आतलं ब्लो होल (हवेने पडलेली पोकळी) उघडं पडायचं, माल परत यायचा, आणि आमच्या टॅलीत तो नुसता 'विक्री परत' म्हणून जायचा, पार्ट नंबर कुठेच नाही. तो जोडला तेव्हा खरं रिजेक्शन ११ टक्के. हे शोधायला मी तेच केलं जे तुम्ही बाजारात केलंत, दोन ठिकाणचे कागद शेजारी ठेवले. तेव्हा इथे आलात तर ती नजर वाया जाणार नाही, हे मी छातीठोक सांगतो.

एक विचारून घ्या: तुम्हाला शॉपमध्ये, म्हणजे जिथे प्रत्यक्ष ओतकाम चालतं तिथे, जायची मुभा आहे का? की अकाउंट्सच्या केबिनमध्ये बसून प्रॉडक्शनने पाठवलेले आकडे चढवायचे? दुसरं असेल तर जाऊ नका. पगार दीडपट असला तरी दोन वर्षांत हाच धागा परत काढाल.

जमाखर्च नाना | १७ नोव्हेंबर, रात्री ९.१५

पोरी, मी सहकार खात्यातून लेखापरीक्षक म्हणून २०२१ साली निवृत्त झालो. नोकरी बरीचशी याच जिल्ह्यात झाली. कोल्हापूर जिल्ह्यात गावागावांत दूध संस्था, विकास सेवा संस्था, पतसंस्था, वर साखर कारखाने. एवढा सहकार ज्या मातीत आहे तिथे हिशेब तपासणारी माणसं कमी आणि सह्या करणारी जास्त, हे दुःख मी ऑफिसात बसून रोज पाहिलं आहे. म्हणून तुझं लिहिणं दोनदा वाचलं.

तुझ्या प्रश्नात एक रस्ता कोणीच काढला नाही. जी.डी.सी. अँड ए., म्हणजे सहकार व लेखा पदविका. शासनाची परीक्षा आहे, साधारण मे महिन्यात होते. जमाखर्च, लेखापरीक्षण, सहकाराचा इतिहास आणि तत्त्वं, सहकार कायदा, सहकारी बँकिंग असे पेपर. तू जे शिकली आहेस त्यापुढे ते तुला अवघड नाही, फक्त कायदा नीट वाचावा लागेल. १९६० च्या अधिनियमाचं कलम ८१ बघ. पदवी, ही पदविका, संस्थांच्या लेखापरीक्षणाचा किमान तीन वर्षांचा अनुभव आणि मराठीचं कामकाजापुरतं ज्ञान असलेल्याला प्रमाणित लेखापरीक्षक म्हणून नामतालिकेवर (संस्थांचं लेखापरीक्षण करू शकणाऱ्यांच्या यादीवर) येता येतं. सीएची फायनल सुटली नाही म्हणून तुला संस्थेच्या अहवालावर सही करता येणार नाही, असं नाही. आपल्या नावाने, आपल्या सहीने करता येईल. लक्ष्मीपुरीतल्या व्यापाऱ्याची तपासणी येणार नाही, पण ती तुला नकोच आहे असं दिसतं.

आता दुसरी बाजूही सांगतो. अपहार सापडला तर काम अहवालावर थांबत नाही. निबंधकाला विशेष अहवाल द्यायचा आणि त्यांच्या लेखी परवानगीने फिर्यादही लेखापरीक्षकानेच द्यायची. मी दोनदा ठाण्यात दिवसभर बसलो आहे. चेअरमन ओळखीचा निघतो, घरी माणसं येतात, "नाना, जरा सांभाळून घ्या" म्हणतात. तू आज फर्मच्या सावलीत आहेस, उद्या ऊन थेट डोक्यावर येईल. ते सोसायची तयारी असेल तरच ये.

थोडं विषयांतर. २०१९ च्या महापुरात शिरोळ तालुक्यातल्या एका संस्थेचं दप्तर भिजून लगदा झालं होतं. सभासदांच्या पासबुकांवरून खतावणी परत उभी करायला चार महिने लागले. लोकांनी पासबुकं पत्र्याच्या पेटीत, देवघरात, धान्याच्या कणगीत जपली होती. तुझ्या मावशीचं पोत्याखालचं कार्ड वाचून ते सगळं डोळ्यांपुढे आलं.

सातवी गल्ली राजारामपुरी | १८ नोव्हेंबर, सकाळी १०.३०

मी लहान प्रॅक्टिस चालवणारा सीए आहे, चार माणसांचं ऑफिस. मॅडम, तुमच्या सरांच्या जागी बसणाऱ्याचंही ऐका.

आम्हाला माणसं मिळत नाहीत. मुलं पुण्याला जातात. फी वाढवायची म्हटली की पार्टी शेजारच्या ऑफिसात जाते, आणि बरीच फी दिवाळीला एकरकमी येते, तीही वजावट करून. त्यातून पगार भागवताना चांगल्या माणसावरच जास्त बोजा पडतो, कारण त्याच्याकडे दिलेलं काम परत बघावं लागत नाही. हे चूक आहे हे मला कळतं. माझ्याकडची एक अशीच हुशार मुलगी गेल्या वर्षी सोडून गेली. जाताना तिने जे सांगितलं ते आधी सांगितलं असतं तर मी निम्मं काम बदलून दिलं असतं. आणि तिने आधी सांगितलं नाही याचं कारण, मी कधी विचारलंच नव्हतं.

तुम्ही एकदा सरांसमोर बसा. राजीनामा घेऊन जाऊ नका, मागणी घेऊन जा. मला फक्त संस्थांची ऑडिटं द्या, टॅक्स ऑडिट दुसऱ्याकडे द्या, असं स्पष्ट. नाही म्हणाले तर फौंड्री आहेच.

फायनलबद्दल एकच. २०२५ पासून फायनल वर्षातून तीनदा होते: जानेवारी, मे आणि सप्टेंबर. आणि १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होतोय, १९६१ चा कायदा जातोय. आम्ही सगळेच कलमं नव्याने पाठ करणार आहोत. तुमचा राहिलेला ग्रुप मात्र पहिला आहे, त्यात प्रत्यक्ष कर नाही. म्हणजे तुमचा अभ्यास या बदलाने मोडत नाही, ही जमेची बाजू धरा.

परत आलेली | १८ नोव्हेंबर, दुपारी ३.५०

पुण्याचा पर्याय कोणी सुचवेल म्हणून आधीच लिहिते. मी अमेरिकन टॅक्सच्या कामाला चार वर्षं पुण्यात होते. पगार चांगला, शिकायलाही मिळालं. पण ज्याचं रिटर्न भरायचे त्याचा चेहरा, त्याचं दुकान, काहीच कधी दिसलं नाही. तिकडचा सीझन जानेवारीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत, मीटिंगा रात्री. आईच्या ऑपरेशनच्या वेळी स्वारगेटहून रात्रीची गाडी पकडून आले आणि परत गेलेच नाही. तू ज्या दिवसाबद्दल लिहिलंयस तो दिवस तिकडे मिळणार नाही, हे नक्की.

दसरा चौक | १८ नोव्हेंबर, सायंकाळी ६.१०

वकिलीचा विचार केलात का? १८ ऑगस्टपासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आपल्याकडे सुरू झालंय, सहा जिल्ह्यांचं काम इथे येतंय. पदवीनंतर तीन वर्षांचं एलएल.बी. सहकाराचे आणि कराचे कागद वाचता येणारे वकील कमी आहेत.

हिरवी शाई | १८ नोव्हेंबर, रात्री ११.५५

सगळ्यांचे आभार. उत्तरं वाचून डोळ्यांत पाणी आलं, खरंच.

दसरा चौक, वकिलीला आणखी तीन वर्षं परीक्षा देण्याची ताकद आत्ता माझ्यात नाही.

वजनकाटा दादा, तुमचा प्रश्न मी आज फोन करून विचारला. उत्तर असं आलं, "आठवड्यातून एकदा शॉपची मीटिंग असते, तिला बसा." शॉपमध्ये जाण्याबद्दल काही बोलले नाहीत. मी पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाले, "आकडे येतात ना तुमच्याकडे."

नाना, जी.डी.सी. अँड ए. हे नाव मी अकरा वर्षांत शंभर वेळा अहवालांवर वाचलंय. ते आपल्यासाठीही असू शकतं हे कधी मनातच आलं नाही. सीए व्हायचं म्हणजे सीएच, त्याच्या अलीकडचं सगळं कमी, असं कुठेतरी धरून बसले होते. घरीही तेच. आत्याने गणपतीत सगळ्यांसमोर विचारलं, "झालीस का गं?" आणि मी स्वयंपाकघरात निघून गेले होते. ठाण्यात बसण्याचं वाचून भीती वाटली, खोटं कशाला बोलू. त्या पिग्मीच्या प्रकरणात माझ्या पाठीशी सर होते.

शिरोलीचा वजनकाटा | १९ नोव्हेंबर, सकाळी ८.२०

"आकडे येतात ना" हे उत्तर मिळालं असेल तर ताई, माझ्यापुरता विषय संपला. ती जागा तुमची नाही. दुसरी फौंड्री शोधू, आपल्या भागात कमी नाहीत, शिरोली, कागल, उद्यमनगर सगळीकडे आहेत. माझ्या ओळखीत शॉपमध्ये फिरू देणारे मालक आहेत. घाईने या नोकरीला हो म्हणू नका.

जमाखर्च नाना | १९ नोव्हेंबर, सकाळी ९.००

भीती वाटणं बरं लक्षण आहे. ज्याला वाटत नाही तो अहवाल निष्काळजीपणे लिहितो. अनुभवाच्या दाखल्याचं आत्ताच बघ. कोणत्या संस्था, कोणतं वर्ष, काय तपासलं, याची यादी करून सरांकडून लिहून घे. जिल्हा विशेष लेखापरीक्षकांच्या कार्यालयात जाऊन त्यांना काय लागतं ते विचार. उगाच फोन करू नकोस, प्रत्यक्ष जा.

हिरवी शाई | ११ जानेवारी २०२६, रात्री १०.०५

मंडळी, उशिरा लिहिते आहे. डिसेंबरात आयकर रिटर्नची १० तारीख आणि मग ३१ ला जीएसटीआर-९ (जीएसटीचं वार्षिक रिटर्न), त्यात गेला महिना.

फौंड्रीला नाही कळवलं. सरांसमोर बसले. राजारामपुरीच्या सरांनी सांगितलं तसं मागणी लिहून नेली होती, अर्धं पान. सरांनी वाचलं, चष्मा काढला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अकरा वर्षांत पहिल्यांदा काहीतरी मागितलंस." १ एप्रिलपासून टॅक्स ऑडिट माझ्याकडे नाही. फक्त संस्था आणि बँक शाखांची ऑडिटं, आणि सप्टेंबरात सहानंतर थांबायचं नाही हेही मान्य केलं. पगार थोडा कमी होईल, मी तयार आहे. दाखल्याला हो म्हणाले, यादी मीच करते आहे, आत्तापर्यंत ४१ संस्था निघाल्या.

मे मध्ये पदविका, सप्टेंबरात फायनलचा ग्रुप. दोन्ही मे मध्ये द्यायचं डोक्यात होतं, पण बाबांनी कॅलेंडर समोर ठेवून नको म्हटलं. त्यांना पदविकेबद्दल सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "सही तुझी असणार?" मी हो म्हटलं. आत्याला त्यांनी स्वतः फोन करून सांगितलं.

पन्हाळ्याचं धुकं, तुझ्या सरांची हरकत नसेल तर एखाद्या रविवारी ये, पिग्मी आणि सोनेतारण कसं तपासतात ते जुन्या कागदांवर दाखवते.

आणि नाना, एक कामाचा प्रश्न. मार्चनंतर एक मोठी संस्था माझ्याकडे येते आहे, पिग्मीचे १४ एजंट, खाती हजारांवर. सगळ्यांची कार्डं बघणं शक्य नाही. नमुना कसा घेऊ?

जमाखर्च नाना | १२ जानेवारी २०२६, सकाळी ६.४०

नमुना एजंटवार घे, एकूण खात्यांतून नको. चौदाही एजंटांतली काही खाती आलीच पाहिजेत. प्रत्येकाच्या यादीत आधी अशी खाती शोध जिथे महिनाभर भरणा नाही आणि मग एकदम मोठी रक्कम चढली आहे. मुदतीआधी बंद झालेली खाती घे आणि 'कार्ड हरवलं, दुसरं दिलं' असा शेरा असलेली सगळी घे. कार्डं एजंटकडून मागवायची नाहीत, संस्थेच्या शिपायाकडूनही नाहीत. कोणत्या दिवशी येणार ते आदल्या दिवशी कोणाला सांगू नकोस.

बाजाराच्या दिवशी जा, पण अकराच्या पुढे. बोहनी झाल्याशिवाय कोणी पोत्याखालचं कार्ड काढून देत नाही.